लाडूमलचा तेला

...आणि वर मलाच विचारतात, "जिनेशशेठ, एका उंदरासाठी ऐन सीझनात दुकान बंद ठेवलं?" आता काय बोलायचं, सांगा. उंदीर नाही हो, हॅमस्टर. तुम्हाला सांगतो, अडीच वर्षं मी नारायणगावात हे एकच वाक्य बोलतोय. मार्केटच्या रस्त्याला टोमॅटोच्या क्रेटचं दुकान आहे माझं, दिवसभर माणसांची ये-जा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी क्रेटबद्दल कमी आणि ह्याच्याबद्दल जास्त समजावलंय, की बाबांनो, उंदराला लांब शेपूट असते, ह्याला नावापुरती असते, उंदीर लोकांचा माल कुरतडतो, हा... म्हणजे हा पण कुरतडतो, पण स्वतःच्या पिंजऱ्यातलंच. दुसऱ्याच्या वस्तूला तोंड लावणार नाही. आहे का असा उंदीर तुमच्याकडं?

आमच्या सिद्धीनं आणला तो, पुण्याहून, मामाकडून. सिद्धी म्हणजे माझी मुलगी, आठवीत आहे. तिनं नाव ठेवलं लड्डू. माझ्या आईनं, मंगलाबाईंनी, पहिल्या दिवशी काय गोंधळ घातला म्हणता, "उंदीर पाळला घरात? मी स्थानकात प्रवचनाला बायकांना तोंड कसं दाखवू?" आणि महिन्याभरात हीच आई सिद्धीला दटावतेय, "लड्डू काय लड्डू, घरातल्या माणसाला पूर्ण नाव पाहिजे, लाडूमल म्हण." झाला लाडूमल. पाहुणे आले की लाडूमलजी.

आणि घरातला म्हटल्यावर घरचे नियम आले. आम्ही जैन, जमिनीखालचं खात नाही, म्हणजे ह्याचंही गाजर बंद, बटाटा बंद. आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवतो, म्हणजे हाही जेवणार. आता हा प्राणी मुळात रात्रीचा, दिवसभर झोपतो, पण आई रोज संध्याकाळी पिंजऱ्यावर टकटक करून उठवायची, "चला लाडूमल, सूर्य चालला." आणि तो उठायचा हो, डोळे चोळत यायचा आणि हरभरा, मूग, काकडी, सगळं दोन्ही गालांत भरून घ्यायचा. त्याला गालात पिशव्या असतात, एवढा माल बसतो की तोंड शरीराच्या दुप्पट दिसतं. आई कौतुकानं म्हणायची, "बघा, वेळेत जेवला." मग ते गोदाम रात्रभर सावकाश रिकामं व्हायचं, हे मला आणि सिद्धीला माहीत होतं. आम्ही कधी तोंड उघडलं नाही. घरात एकोपा राहिला पाहिजे.

पण वय कुणाला चुकलंय? हॅमस्टरची अडीच वर्षं म्हणजे माणसाची ऐंशी धरा. एका डोळ्यात मोतीबिंदू, पाठीवरचे केस विरळ, चाकावर आधी तासतास पळायचा, आता तीन फेऱ्या मारायचा आणि चौथीच्या आधी थांबून इकडंतिकडं बघायचा, कुणी बघत नाही ना म्हणून. पण रुबाब तोच. पिंजरा साफ करायला हात घातला की एक डोळा बारीक करून असा बघायचा की मी माझ्याच घरात "सॉरी" म्हणायचो.

तर आले पर्युषण. आठ दिवस आमच्याकडं हिरवी भाजी बंद. आईनं पहिल्याच सकाळी जाहीर केलं, लाडूमलचीही काकडी बंद, फक्त कोरडा हरभरा आणि मूग. आम्ही हो म्हणलं. त्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी वाटीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वाटी तशीच, आणि हा कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला. मी त्याला उचलायला गेलो, तर आई पिंजऱ्यासमोर हात जोडून उभी. म्हणाली, "जिनेश, आज तिसरा उपवास. लाडूमलचा तेला झाला."

तेला म्हणजे सलग तीन उपवास. आमच्यात माणसानं तेला केला तरी घरादाराची मान उंच होते, आणि इथं तर... आता खरं बोलतो, तुमच्यापासून काय लपवायचं, माझी पण छाती फुगली. मी स्वतः वर्षात एक उपवास धरतो आणि दुपारी अडीचला सोडतो. आमच्या घरात तेला? मी लगेच मोबाईलवर स्टेटस टाकलं, "आमच्या लाडूमलचा तेला. अनुमोदना." सोबत फोटो. फोन सुरू झाले हो, मंचर, ओतूर, पार चेन्नईहून चुलतभावाचा. मी सगळ्यांना खर्जातला आवाज काढून सांगतोय, "हो, घरात संस्कारच तसे आहेत."

मग बायका आल्या साता विचारायला. तपस्या करणाऱ्याची खुशाली विचारायला जायची पद्धत आहे आमच्यात. चेतनानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सतरंजी घातली, मधोमध स्टुलावर पिंजरा, आणि एकेक बाई वाकून विचारतेय, "लाडूमलजी, साता आहे ना?" दोघींनी तपस्येचं गाणं पण म्हटलं. एक पाहुणी हळूच म्हणाली, "पण मंगलाबाई, शेवटी उंदीरच ना?" मी दारातून ओरडलो, "उंदीर नाही मावशी, हॅमस्टर." तपस्वीचा अपमान मी ऐकून घेणार आहे का?

एवढ्यात सिद्धी शाळेतून आली. सरळ आत गेली, चेतनाचा मसाल्याचा छोटा काटा आणला, लाडूमलला उचललं आणि सगळ्यांसमोर काट्यावर ठेवलं. गेल्या महिन्यात दीडशे ग्रॅम होता. भरला एकशे दहा. पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, हा उपवास करत नाहीये. उपाशी आहे हा." आणि रडायला लागली.

गाणं थांबलं. मी तो काटा बघतोय आणि मला माझं स्टेटस आठवतंय. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या काकीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मंगला, वय झालंय त्याचं. संथारा तर घेतला नसेल?" संथारा म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायचं व्रत. सिद्धीनं त्याला ओढणीत घेतलं.

आई उठली. सत्तर वर्षांची बाई, गुडघ्याला हात न लावता उठली. म्हणाली, "संथाऱ्याला घरच्यांची आज्ञा लागते, काकीबाई. माझ्याकडं कुणी मागितलेली नाही आणि मी देत नाही. जिनेश, गाडी काढ."

दुकान बंद ठेवून गाडी काढली, पण जायचं कुठं? एका डॉक्टरांना फोन लावला, घाईत माझ्याही तोंडून भलतंच गेलं, "उंदीर आहे." तर ते म्हणतात, "मारायचाय का वाचवायचाय?" म्हणलं, उंदीर नाही साहेब, हॅमस्टर, ते म्हणाले मी म्हशी बघतो. शेवटी कळंबचे डॉक्टर सुदर्शन आठवले, जनावरांचे डॉक्टर, गडी हुशार. ते म्हणाले, "मी महाळुंगे पडवळला जानकूभाऊंच्या गोठ्यात आहे, गाय अडलीय, इथंच या." निघालो. सिद्धी मागं, आई पुढं बसली, मांडीवर पिंजरा, आणि जाळीला तोंड लावून नवकार मंत्र म्हणतेय. हायवेला ट्रकच्या मागं ट्रक, मी हॉर्न वाजवला की म्हणायची, "हळू, त्याला त्रास होतो," आणि हळू चालवली की, "कधी पोचायचं?"

गोठ्यात पोचलो तेव्हा वासरू नुकतंच झालेलं, डॉक्टर खांद्यापर्यंत हात धूत होते. जानकूभाऊ पिंजऱ्यात डोकावले. "आवो शेठ, ह्यो उंदीर घिऊन नारायणगावावरनं आलाय व्हय? गणपतीचं वाहन चार दिस आधीच आलं जणू." म्हणलं, भाऊ, उंदीर नाही, हॅमस्टर. "काय का आसंना, आत या."

डॉक्टरांनी पेटी उघडली. त्यातला थर्मामीटर लाडूमलपेक्षा लांब. तो त्यांनी गुपचूप परत ठेवला. मग पुण्यातल्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला, तो लहान प्राण्यांचा डॉक्टर, आणि दोन बोटांनी लाडूमलचं तोंड उघडलं. जानकूभाऊंनी मान पुढं घातली, सवयच ती, बैल घेताना आधी तोंड बघायचं. "वय किती म्हनला?"

"म्हातारा आहे, भाऊ."

"म्हातारं कसलं, दोन दाती दिसतंय की. आजून औताला जुंपायचं न्हाई वय झालं."

पण ते दोन दात, तुम्हाला सांगतो, खालचे वाढून वाकडे होऊन वर टाळूला टेकलेले. डॉक्टर म्हणाले, ह्यांचे दात जन्मभर वाढतात, तरुणपणी कुरतडून झिजतात, म्हातारपणी जोर राहत नाही. कापायला हवेत. पण पेटीत सगळं गाई-म्हशींच्या मापाचं. तेव्हा जानकूभाऊंच्या घरच्या, इंद्रायणीबाई, आत गेल्या आणि नातीचं नेलकटर घेऊन आल्या. "उकळून आनू का, डाक्टर?" आणलं उकळून.

सिद्धीनं धरला, मित्र मोबाईलमधून सांगतोय, डॉक्टरांच्या कपाळावर घाम. अडलेली गाय सोडवताना आला नसेल एवढा. कट... कट. लाडूमल हलला नाही हो! मी दाढ काढायला गेलो होतो तेव्हा तीन माणसं धरायला लागली होती, आणि हा दीड मुठीचा जीव, एक डोळा अधू, आणि हूं की चूं नाही. जानकूभाऊ म्हणाले, "लई धिराचं हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं म्हणजे आलं, लाजायचं काय त्यात.

मग डॉक्टरांनी गालाची पिशवी दाबली आणि आतून काय निघालं? एक हरभरा. तीन दिवस तसाच. मी म्हणलं, झालं, तेला मोडला. पण आई काय म्हणाली माहितीये? जानकूभाऊंकडं वळून, मान ताठ, "पाहिलंत? तोंडात होता तरी खाल्ला नाही. आपल्याला जमेल?"

डॉक्टर हसले, म्हणाले, "आजी, खायचं होतं त्याला. चावता येत नव्हतं. इतके दिवस मऊ काहीतरी मिळत असणार, त्यावर जगला. काय देत होतात?"

सिद्धी म्हणाली, "काकडी."

"मग ती बंद कुणी केली?"

मी म्हणणार होतो, डॉक्टर, घरात सगळ्यांनी मिळून... पण आई म्हणाली, "मी." आणि पदर सावरून खाली बसली, शेणाच्या जमिनीवर, परीटघडीचं लुगडं नेसून, आणि लाडूमलसमोर हात जोडले. आम्ही संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांची क्षमा मागतो. आईनं तिथंच मागितली, पाच दिवस आधी. "लाडूमल, माझ्या हातून तुला उपवास घडला. मिच्छामि दुक्कडम."

जानकूभाऊंनी मला कोपर मारलं. "आजी काय म्हनल्या?"

म्हणलं, माफी मागितली.

"उंदराची?"

आणि आई, तुम्हाला सांगतो, मागं न बघता म्हणाली, "उंदीर नाही, हॅमस्टर."

इंद्रायणीबाईंनी परसातली काकडी आणून किसली. मी आईकडं बघितलं, पर्युषण चालू, हिरवं कसं द्यायचं? ती म्हणाली, "आजाऱ्याला सूट असते. बघतोस काय, दे." आणि त्यानं खाल्लं. आधी वास घेतला, मग एक कीस, मग दुसरा, मग असा बसला दोन्ही हातात धरून, आणि आम्ही सहा माणसं आणि मोबाईलमधला तो सातवा, श्वास रोखून एका हॅमस्टरचं जेवण बघतोय. वासराकडं कुणाचं लक्ष नाही. आई स्वतःशीच म्हणत होती, "खा रे बाबा, खा."

डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन आठवड्यांनी दात कापावे लागतील, आणि वय झालंय, चार-सहा महिने मिळाले तरी पुष्कळ समजा. आईनं तेवढंच विचारलं, "पुढची तारीख कोणती?" आता किसणीचं काम आईकडं आहे. वजन सिद्धी घेते. काल एकशे अडतीस भरलं. मी ते स्टेटस काढून टाकलं आणि खरं काय झालं ते लिहिलं, चुकीसकट. मला वाटलं, लोक हसतील, संपेल विषय.

कसला संपतोय. संवत्सरीला स्थानकात क्षमा मागायला उभा होतो, तर नाशिकचे एक पाहुणे शेजारच्याला विचारतायत, "हे कोण हो?" माझे वडील सुवालालजी जाऊन दहा वर्षं झाली, तरी कालपरवापर्यंत ह्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, "सुवालालजींचा मुलगा." मी नमस्काराला हात पण जोडून ठेवले होते. तर शेजारचा काय म्हणतो, "ओळखलं नाहीत? हे लाडूमलचे वडील." पाहुणे लगेच पुढं आले, माझे दोन्ही हात धरले, "धन्य आहात." मी पण म्हणलं, हो, मीच. आता काय करता? आधी बापाच्या नावानं ओळखायचे, आता पोराच्या नावानं ओळखतात, मधे आपलं स्वतःचं असं काही आलंच नाही बघा.