निर्मलाताईंच्या भावाची चित्रं

कस्टमचं काम रुक्ष असतं म्हणता ना, मग इंदिरानगरच्या निर्मलाताईंचं ऐका. कस्टममधून माल सोडवून देणारा मी त्यांचा एजंट होतो. त्यांचा भाऊ जर्मनीत वारला आणि वहिनीनं त्याची चित्रं नाशिकला पाठवून दिली. आमच्या नियमात संपूर्ण हातानं काढलेलं चित्र एका वर्गात येतं आणि छापलेलं दुसऱ्या. वर्गावरून शंका आली की माल अडकतो. म्हणून मी ताईंना आधीच बजावलं होतं, "कस्टमच्या साहेबांनी विचारलं की फक्त हो म्हणा."

पेटी उघडली. वरचंच चित्र गोदाघाटाचं होतं. साहेबांनी ते उजेडात धरून नीट पाहिलं आणि विचारलं, "ही सगळी हातानंच काढलेली ना?"

ताई म्हणाल्या, "नाही."

मी मध्ये बोलणार, तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "अपघातात त्याचे दोन्ही हात गेले, साहेब. मग तो तोंडात ब्रश धरून काढायला शिकला. ही सगळी त्यानंतरची आहेत. हातानं काढली म्हटलं, तर त्याचे एवढे कष्ट मीच पुसून टाकल्यासारखं होईल."

साहेबांनी उठून ताईंना आपली खुर्ची दिली.

"ताई, नियमातलं 'हातानं' म्हणजे यंत्रानं नाही, माणसानं. तुमच्या भावानं ही हातानंच काढलीत."

ताई खुर्चीत बसल्या आणि तेव्हा कुठे रडल्या.