मागच्या चाकात तीस पौंड

धुळ्यात साक्री रस्त्यावर, सायकलच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. एक गृहस्थ जुनी मोटारसायकल घेऊन आले.

"उखर्डू, मागच्या चाकात तीस पौंड हवा भर."

"एकट्याला बावीस बस झाली, वनाभाऊ. तीसवर गाडी नुसती उडेल."

"येताना तुझी वहिनी मागे बसणार शे."

"येते म्हणाल्या?"

"निरोप नाही. रुसून साक्रीला माहेरी गेली, त्याला दोन महिने झाले."

"मग आत्ता बावीस भरतो. आल्याच, तर साक्रीत वाढवून घ्या."

"तिच्यासमोर? म्हणजे ती येणार नाही असं धरूनच मी निघालो होतो, हे दिसेल तिला."

"जाताना पाठ मोडेल, भाऊ."

"मोडू दे."

"मग बत्तीस भरतो. वहिनींचं गाठोडंही असेल."