माझी म्हैस, त्यांचा बगळा

आमचं मूळ गाव महाडच्या वरच्या अंगाला, डोंगरात, भात-नाचणी आणि दावणीला एक म्हैस, ती पण सासरची, माझ्या माहेरी तेवढं पण नव्हतं. लग्न झालं तशी मी भाईंदरला आले, खारी गावात चाळीत खोली होती आमची. आमचे हे स्प्रिंगच्या कारखान्यात कामाला, कारखाना कसला, गाळाच तो. तारेचे तुकडे उरायचे ते मालक बोलायचा घेऊन जा. दुसरीचा नवरा घरी येताना भाजी आणतो, माझा तार आणायचा. मी बोलायचे, ही काय फोडणीला घालू? तर नुसते हसायचे. हसायचं खातं त्यांच्याकडं होतं आणि रागवायचं माझ्याकडं. लिहा ताई, बाई रागीट हाय असं पण लिहा, मी काय लपवत नाय.

तर त्या तारेची ते जनावरं करायचे. गावाला गुरं राखताना वेलीची करायचे, इथं वेली कुठं, मग तार. पहिलं मला हसू यायचं, मग बघता बघता मी पण त्यात पडले. जाड तार वाकवून सांगाडा ते करायचे, आणि बांधकामाला सळ्या बांधतात ना ती बारीक काळी तार, ती स्टोव्हवर लाल करून गार केली की मऊ पडते, ती मी त्याच्यावर विणायचे. सांगाडा त्यांचा, कातडी माझी. बकरी केली, मांजर केलं, हत्ती केला, एका दुकानवाल्यानं विकायला काचेत मांडली तर लोक थांबून बघायचे. एकदा मी विचारलं, ह्याला डोळे नाय, केस नाय, मग ही बकरीच हाय हे लोकांना कळतं कसं? तर बोलले, अगं जनावर शिंगात नसतं, उभं राहण्यात असतं, ते पकडलं की झालं.

पुढं आम्ही मीरा रोडला शांती नगरात घर घेतलं, ह्यांच्या वाटणीची जमीन भावाला देऊन. वन रूम किचन, पण स्वतःचं. बिल्डिंग नवी, पाणी टँकरचं, शेजार सगळ्या मुलखाचा. सेक्रेटरी टिपणीस साहेब, गिरगावातून आलेले, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, शिकलेले. लोक बोलतात माणूस वाईट नव्हता. मी बोलते वाईट होता. त्यांची बायको मात्र, टिपणीस वहिनी, गरीब गाय, जिन्यात भेटली की आधी ती हसायची.

तिथं ह्यांनी म्हैस करायला घेतली. गावची म्हैस, त्यांनी लहानपणी राखलेली, चांगली रेडकाएवढी मोठी. मान मागं वळवलेली, मागनं कोणी हाक मारली की म्हैस कशी बघते, तशी. घरात मावेना म्हणून गच्चीवर ठेवली, टिपणीस साहेबांना विचारून ठेवली हां, चोरून नाय. सांगाडा पुरा झाला आणि त्याच आठवड्यात गाळ्यात काम करता करता ह्यांच्या छातीत कळ आली आणि गेले. काय सांगू तुम्हाला. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस.

विणायचं माझं राहिलं होतं. वर जायचे, तार हातात घ्यायचे आणि परत खाली यायचे. वाटायचं, विणून झाली की संपलं, मग ह्यांचं नि माझं काम उरलं कुठं? म्हणून तशीच ठेवली, वरून माझी जुनी साडी घातली. टिपणीस साहेबांना मी परत सांगितलं, साहेब, ही ह्यांची शेवटची हाय, कोणाला हात लावू देऊ नका. ठीक आहे ठीक आहे बोलले. माझ्यासमोर बोलले.

वर्षश्राद्धाला गावी गेले, आले, गच्चीवर गेले, तर साडी घडी घालून ठेवलेली आणि म्हैस नाय. सोसायटीची पूजा होती ना, गच्ची साफ केली. मी टिपणीसांच्या दारात. ते बोलले, बाई, ते अर्धवट काहीतरी होतं, गंज चढलेला, लहान मुलांना लागलं असतं, आम्ही भंगारवाल्याला दिलं. मी बोलले, साहेब, तुम्हाला सांगितलं होतं मी. तर बोलले, अहो पण तार ती तार, तुम्ही दुसरी करालच की. आणि वर काय बोलले माहित्येय, त्यानं बदल्यात चांगली बादली दिलीये, जिना पुसायला झाली.

बादली! माझ्या नवर्‍याच्या हाताची म्हैस दिली आणि प्लास्टिकची निळी बादली घेतली. भंगारवाल्याकडं धावले, तो बोलला, अरे मौसी, वो माल तो कबका भट्टी में गया. परत आले तर झाडूवाली बाई त्याच बादलीत फडकं पिळून जिना पुसत होती. त्या दिवशी मी रडले नाय. मनात बोलले, थांब.

मी दुसरी म्हैस करायला नाय बसले, टिपणीसला बघायला बसले. खिडकीतनं, गॅलरीतनं, भाजी निवडता निवडता. टँकर आला की तो खाली हजर, हात पाठीवर बांधलेले, मान पुढं काढलेली, आणि एक पाय उचलून दुसर्‍या पोटरीला घासायचा, कोण जास्त पाणी भरतंय ते बघत. खाडीत चिखलात बगळा उभा असतो बघा, माशावर डोळा ठेवून, अगदी तो. ताई, माणूस वैर्‍याला जेवढं बघतो तेवढं नवर्‍याला पण बघत नाय. डोळे मिटले तरी मला टिपणीसची मान दिसायची.

मग तार घेतली. सांगाडा पण मीच केला, आयुष्यात पहिल्यांदा. बगळाच केला, चोच, पंख, सगळं बगळ्याचं, टिपणीसचं त्यात काय नाय, चष्मा नाय, टक्कल नाय. फक्त उभं राहणं त्याचं. गॅलरीच्या ग्रिलला बाहेरनं बांधला, बरोबर टँकर उभा राहतो त्याच्यावर. दोन दिवसात पोरं ओरडायला लागली, टिपणीस काका वर बसलेत! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता.

तर ह्या शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं ना? चोराच्या मनात चांदणं. भर मीटिंगमध्ये उठला आणि बोलला, ह्या बाईंनी माझी विटंबना केली आहे, तो बगळा म्हणजे मी आहे. आमचे खालचे जिग्नेशभाई, गुजराती माणूस, भोळा, ते बोलले, साहब, बगला तो बगला है, इसमें आप किधर हो? तर टिपणीस तावातावानं समजवायला लागला, आणि बोलता बोलता हात गेले पाठीवर, मान आली पुढं, पाय चढला पोटरीवर. सगळी मीटिंग हसून फुटली हो! वहिनी तेवढी खाली बघत होती. मी हसले नाय. मी उठून बोलले, साहेब, मनाला लावून नका घेऊ, तार ती तार.

सेक्रेटरीपद त्यानं आपणहून सोडलं. टँकरपाशी यायचा बंद झाला. चालायला लागला तर हात असे लोंबते सोडून, कुठं ठेवायचे कळत नसल्यागत, उभा राहिला तर दोन्ही पाय जुळवून, शाळेत शिक्षा केल्यासारखा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटायचं.

आता तो पण गेला, अटॅकनीच. तेरावा झाल्यावर वहिनी माझ्याकडं आली. मी चहा टाकला. तिनं चहाला हात नाय लावला, बोलली, तो बगळा मला द्याल का? मी बोलले, कशाला, मोडायला? तर बोलली, नाही हो. तुमच्या त्या बगळ्यानंतर हे घरात पण तसे कधी उभे राहिले नाहीत. मला बघायला आले होते ना, तेव्हा आमच्या दारात असेच उभे होते, हात मागं, पायावर पाय. फोटो आहेत खूप, पण सगळे बसलेले. उभे तेवढे तुमच्याकडे आहेत.

बाई खरं बोलत होती, आणि तिचा काय दोष नव्हता. देऊन टाकावा असं एकदा मनात आलं. पण मग मी जरा डोळे मिटले, म्हटलं, माझा माणूस कसा उभा राहायचा ते बघू. आणि ताई, दिसेना. हसणं दिसलं, हात दिसले, उभं राहणं दिसेना. इतकी वर्षं टिपणीसला बघता बघता ह्यांचं मी घालवून बसले होते, आणि ह्यांच्या हातचं जे एक उभं होतं ते भट्टीत गेलं. मी डोळे उघडले आणि बोलले, वहिनी, माझी म्हैस आणा आणि तुमचा बगळा घेऊन जा. ती बोलली, ती मी कुठनं आणू? मी बोलले, मग राहू द्या.

गेली उठून. भांडली पण नाय.

वहिनी रोज सकाळी दुधाला खाली उतरते, टँकरच्या जागी थांबते, वर बगळ्याकडं बघते आणि जाते. खाडीचा वारा खारट, तार टिकत नाय, म्हणून मी दर महिन्याला बगळ्याला खोबरेल लावते, चोचीपासनं पायापर्यंत, कुठं गंज धरू देत नाय. शेजारणी बोलतात, सोड आता, देव सगळं बघतो. बघू दे ना. मी देवाकडं रोज एकच मागते, त्या माउलीला उदंड आयुष्य दे, डोळे चांगले ठेव तिचे, आणि रोज तिला दुधाला खाली पाठव.