मंजुळाअक्कांनंतर

पारोळ्याच्या नोंदणी कार्यालयात नूतन नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एक खणखणीत म्हातारी आणि काठी टेकत आलेला तिचा भाचा येऊन बसले. त्यांचं बोलणं ऐकता यावं म्हणून, फोनवर पलीकडे कुणीही नसताना नूतनने तो कानाशी धरून ठेवला.

"कौतिक, गुडघा काय म्हणतो?"

"गुडघ्याचं राहू द्या, अक्का. आबामामांनी जाताना तुमच्यासाठी केलेल्या मृत्युपत्रात काय होतं? शेत हयातभर तुम्ही कसून खायचं, तुमच्यानंतर ते माझं."

"मग, मी कधी नाही म्हटलं?"

"नाही म्हणत नाही, पण जातही नाही! ऐंशी उलटली, अन् परवा बांधावर आंब्याची कलमं लावली तुम्ही."

"आंबे खायचेत मला."

"म्हणून तर आज माझा पुढचा हक्क नातीच्या नावे करतोय. माझी काही पाळी येत नाही."

"अरे, आत्ताच तर तिच्या बारशाला जेवले मी!"

"तिच्याकडे वाट पाहायला वेळ आहे."

"बेस केलंस. पण पोरीच्या कानात आजच सांगून ठेव. तिच्या लग्नात खापरावरचे मांडे मी करणार. तोवर शेत सोडत नाही."

"माले माहीत शे, अक्का!"

दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शिपायाने कौतिकचं नाव पुकारलं. अक्का आधी उठल्या.

"काठी दे इकडे. धर माझा खांदा, जिना चढायचाय."