सिंकमागची खिडकी

प्लोवदिवमधल्या नळांच्या दुकानात रुम्याना सुनेच्या सिंकसाठी बुटका नळ घेऊन रांगेत उभी होती. पुढे एका नवराबायकोची हुज्जत चालली होती; बायकोच्या हातात उंच नळ होता.

“उंच नळ नको, झ्द्राव्का. सिंकमागची खिडकी आत उघडते. नळाला अडेल.”

“अडू दे. मिरच्यांच्या बरण्या उकळायचं पातेलं नळाखाली बसायला नको?”

“ते वर्षातनं एकदा. आई खिडकीशी रोज येते.”

“येते आणि बाहेरून हात घालून माझ्या सूपमध्ये मीठ टाकते.”

“तिचा हात लांब आहे, त्याला मी काय करू?”

“म्हणावं, माणसासारखी दारातून ये.”

“दारातून आली तर बसेल.”

“बसू दे की.”

“खिडकीशी तिला उभं राहावं लागतं. गुडघे दुखले की वीस मिनिटांत घरी जाते. नाताळात दारातून आली होती, आठवतंय?”

“ईस्टरला गेली.”

“मग?”

“तो बुटका नळ कुठे ठेवलायस?”

रुम्यानाने हातातला नळ पुढे केला.

“हा घ्या, बाई. तुमचा उंच मला द्या. माझ्या सुनेची खिडकीही आतच उघडते.”