गोव्याला जायच्या आधी

— न्हाय डॉक्टर, विश्वजित घरात न्हाय तवर माझं ऐकून घ्या, मग त्याच्या नाकात काडी घाला. आई हाय मी त्याची. तुमचा क्लब म्हणतोय, खेळाडूंस्नी गोव्यात एका हॉटेलात ठेवतो, बाहेरचं माणूस आत न्हाय, मॅचला प्रेक्षक न्हाय, सारखी कोरोनाची तपासणी — मान्य! पण जेवण कोण करतंय? चादरी कोण धुतंय? बस कोण चालवतंय? ती माणसं आपापल्या घरनंच येणार की! आणि कॉर्नर किकला सगळी पोरं एकमेकाच्या तोंडावर उड्या मारत्यात — तवा कोण मास्क लावणार हाय? कोण न्हाय. फुटबॉल मला शिकवू नका, तालमीच्या पोरांच्या मॅची बघत पेठेत जलम गेला माझा.

व्हय, त्याचं पोट हाय त्याच्यावर, ठाऊक हाय. यंदा गोलात हुबा ऱ्हायला न्हाय तर दुसरा तयारच हाय. त्याचे वडील म्हणत्यात, बायडा, जाऊ दे पोराला. त्येंचं काय, सकाळी उठून कागलला कामावर जात्यात. उशाला मी बसलेली असतोय — म्हंजे, परत झाला तर तिथं कोण बसणार?

परत? परत कुठं म्हटलं? तोंडातनं गेलं ओ. चहा टाकू?

असं बघू नका की... आलता ताप. गेल्या महिन्यात. आमटीचा वास येईना म्हणाला. ‘आई, कुणाला बोलू नकोस, संघातनं नाव काढून टाकतील माझं.’ मग न्हाय बोललो. ताप उतरला, जेवाय लागला, झालं की! बरा हाय आता. फकस्त — माडी चढताना मधीच बसतोय. छातीवर हात. मी बघितलं की म्हणतोय, बुटाची नाडी बांधतोय. पायात बूट नसतोय, डॉक्टर.

आँ? काळजाला सूज? ह्या तापानं? पोरगं कसं हाय बघितलंय का तुमी, दारात मावत न्हाय — त्याला कसली सूज? पळताना? पळताना काय हुतंय? अचानक म्हंजे? न्हाय, न्हाय, तसं बोलू नका — कुठं गेलाय म्हणून काय विचारताय, तुमी पास करावं म्हणून मैदानावर गेलाय, दम वाढवायला, पळाय लागला असंल आत्ता —

उठा! ती तुमची औषधाची पेटी घ्या, गाडी काढा. उठा म्हणतोय न्हवं! बोलत काय बसलाय!