यादगिरीने वळूच्या आईबद्दल विचारलं तेव्हा

माझ्या डॉक्टरकीचं कौतुक करताय म्हणून सांगतो, यादगिरीसमोर मी आजही मान वर करणार नाही.

नव्वदच्या दशकात परदेशी वळूंचं रेत आमच्याकडे सहज मिळायला लागलं, तेव्हाची गोष्ट. मी जनावरांचा डॉक्टर, काचीगुड्याला राहायचो. गौलीगुड्यात यादगिरीचा दहा गाईंचा गोठा होता. मी त्याच्यापुढे वळूंचं रंगीत पुस्तक उघडलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. “इसकी बेटियां बहुत दूध देतीं.”

तो फोटो बघत राहिला. “इसकी मां कित्ते बार ब्याई, साब?”

“दूध लिखा है ना इधर.”

“दूध नै पूछा मैं.” त्या वळूची आई किती वेळा व्याली, ते त्याला हवं होतं.

मी हसलो आणि त्याच्या निम्म्या गाईंना त्याच वळूचं रेत दिलं.

कालवडी झाल्या, मोठ्या झाल्या. पहिल्या वेताला इतकं दूध दिलं की गल्ली बघायला आली. मग त्या गाभणच राहिनात. मी चार-चारदा प्रयत्न केले. कास सुजायची, दूध आटायचं. यादगिरीने एकेक करून त्या विकल्या. कोणाला, ते मी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी नवं पुस्तक आलं. त्यात दुधाशेजारी नवे रकाने होते: लेकी गाभण राहतात का, कास निरोगी असते का, किती वेतं टिकतात. मी तडक गौलीगुड्याला गेलो. गोठ्याच्या जागी स्कूटरी लावलेल्या होत्या. यादगिरी बाजूला खाटेवर बसला होता. मी त्याला एकेक रकाना वाचून दाखवला.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

“मैं तब पूछा सो, उनों अब पूछे क्या, साब?”